भेवाले एक दार पुरते

“बुआ, पापा चले गए.”

दादाच्या मुलाचा, संजयचा फोन आला तेव्हा मी सकाळच्या बसनं लांजीला निघाले होते. त्यात मला काही वेगळं वाटलं नाही. दादा सारखाच कुठंतरी जायचा. खिशात मोबाइल, हातात पिशवी, आणि पडकं घर किंवा बंद गोदाम दिसलं की सायकल उभी. मी म्हटलं, “राजेगावच्या बाजूनं गेला असन, जेवाले येते वापस.” पलीकडं संजय म्हणाला, “वैसे नहीं, बुआ...”

मी बस थांबवून उतरले, उलट्या बसनं बालाघाटला आले. दादाला चटईवर ठेवलं होतं. मी त्याच्याजवळ बसले आणि त्याचं मनगट हातात घेतलं. लोकांना वाटलं, जुनी नर्स आहे, सवय जात नाही. खरं म्हणजे मी वाट बघत होते. एवढा वेळ मरून पडल्यावर तो एक डोळा उघडून विचारायचाच, “झालं का वं?”

माझा भाऊ मनोहर इकडं मध्य प्रदेशातच, परसवाड्याच्या सरकारी शाळेत हिंदी शिकवायचा. जन्म गेला हिंदीचं व्याकरण तपासण्यात, आणि निवृत्त झाल्यावर मोबाइलवर सिनेमे काढले ते आपल्या वऱ्हाडी-हिंदी खिचडीत. तेही कसले, तर अंगावर काटा आणणारे. मी एकदा विचारलं, या वयात चांगलं काही कौटुंबिक काढायचं सोडून खून काहून? तर म्हणाला, “कौटुंबिकले मोठं घर लागते, दागिने लागते, रडनारे लागते. मारामारीले गाड्या लागते. भेवाले काय लागते? एक दार पुरते. अर्धं उघडं ठेवजो, बाकीचं मानूस आपल्याच डोक्यातून आनते.” मला तेव्हा हसू आलं होतं. आता कुठल्याही घराचं अर्धं उघडं दार दिसलं की मी आधी ते पूर्ण उघडते किंवा बंद तरी करते!

नटांचा खडखडाट होता, त्यामुळं पहिल्या सहाही सिनेमांत खुनी मीच. दादाचं म्हणणं, माझा चेहरा सुई टोचताना जसा असतो तसाच राहू द्यायचा, अभिनय करायची गरज नाही. आणि मरणारा तो स्वतः, कारण गार फरशीवर तासभर पडून राहायला दुसरं कोण तयार होणार? फोन स्टुलावर उभा करायचा आणि पळत जाऊन मरायचं. पहिल्याच सिनेमात घोटाळा झाला. मी गळा दाबला, तो मेला, आणि माझा हात आपोआप त्याच्या मनगटाकडं गेला. मेलेला माणूस उठून बसला. “सुमे, तू मारून राह्यली का वाचवून राह्यली?” मी ओशाळले. पण संध्याकाळी त्यानं तेच चित्रण पुन्हा पुन्हा पाहिलं आणि ठेवलं. खून करून शांतपणे नाडी बघणारी बाई! पुढच्या प्रत्येक खुनात मी नाडी बघितली, आणि गल्लीतल्या पोरी मला बघून आत पळायला लागल्या. आमची चूक हीच आमची श्रीमंती, असं तो म्हणायचा, आणि त्याचं मला आज किती कौतुक वाटतं ते कसं सांगू...

शेवटचा, सातवा सिनेमा माझ्या एका फजितीवर होता, आणि त्यात पहिल्यांदाच मी खुनी नव्हते. लांजीला माझी पहिली नेमणूक होती. तपासणीला मोठे साहेब यायचे होते. मी शिपायाला विचारलं, “साहब?” तो म्हणाला, “कल.” मी मराठी कानानं ऐकलं, काल. म्हणजे येऊन गेले, सुटलो. दुसऱ्या दिवशी मी निवांत चहा पीत असताना साहेब दारात उभे. ही गोष्ट दादानं तीस वर्षं मनात जपली आणि तिचा सिनेमा केला. घरात एकटी असलेल्या बाईला सकाळी मागच्या दाराखाली एक चिठ्ठी सापडते: “कल. चार बजे. पीछे का दरवाज़ा.” ती वाचते, काल. येऊन गेला म्हणजे, टळलं! पण चिठ्ठी आदल्या दिवशी लिहिलेली, आणि लिहिणाऱ्याच्या मनात उद्या. तो उद्या म्हणजे आज. बाई भाजी चिरते, कपडे वाळत घालते, आणि भिंतीवरचं घड्याळ चाराकडं सरकत राहतं. बाकी काही नाही. एक बाई, एक घड्याळ, एक दार.

दादाचं हृदय तोवर थकलं होतं. डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं, आणि त्यालाही ते ठाऊक होतं. त्याची एकच इच्छा उरली होती. आजवर त्याचे सिनेमे लोकांनी आपापल्या फोनवर बघितले होते. एकदा भरल्या सभागृहात लोक एकत्र घाबरलेले त्याला बघायचे होते. नागपूरच्या एका महोत्सवात त्यानं सिनेमा पाठवला. तिथल्या गृहस्थांचा फोन आला, गोष्ट उत्तम आहे, पण भाषा धड एक ठेवा, शुद्ध मराठीत करून द्या, दाखवू. मी म्हटलं, दादा, करून टाक, दिवस कमी आहेत. खरं सांगते, नागपूरच्या लोकांसमोर आपली बोली नको असंही मला आतून वाटत होतं. तो चिडला नाही. म्हणाला, “अवं, ‘कल’ले शुद्ध मराठीत नेला का तो ‘उद्या’ होते. मंग भेव कायचं? हा सिनेमा आपल्याच इथं होऊ शकते, सुमे. आपल्या लोकायले दाखवू. ते उठून गेले तर मी चुकलो म्हनीन.”

तो जाण्याआधी तीन आठवडे, एका रविवारी दुपारी, आमच्या वॉर्डातल्या बुद्धविहाराच्या सभागृहात खिडक्यांना चादरी लावून सिनेमा दाखवला. दादा पडद्याशेजारी, पडद्याकडं पाठ करून, लोकांकडं तोंड करून बसला. सुरुवातीला नुसता हशा. “अरे, हे तं आपली सिस्टर!” पोरांचे फोन चमकत होते. चिठ्ठी आली, पडद्यावरची मी “काल येऊन गेला” म्हणून हसले, आणि म्हाताऱ्याही हसल्या. तेवढ्यात पुढच्या रांगेतली, मराठी जेमतेम येणारी एक पोरगी आजीला म्हणाली, “आजी, कल मतलब उद्या भी होता है ना?”

हळूहळू एकेक फोन विझला. पडद्यावर चार वाजायला आले, कडी वाजली, मी हात पुसत दाराकडं निघाले, आणि ती आजी, आमची कांताबाई, उभी राहून ओरडली, “अवं सिस्टर, दार नोको उघडू वं! तो आज येनार हाय!”

शेवटपर्यंत एकही माणूस उठून गेला नाही. तो गेल्यावर पुण्यानुमोदनाला जमलेले लोकही दादाच्या आजाराबद्दल कमी आणि त्या दाराबद्दल जास्त बोलत होते. माझी मान ताठ झाली.

मागच्या आठवड्यात संजय दादाचा फोन घेऊन आला. “बुआ, इसमें एक वीडियो है, सब अँधेरा है. मिटा दूँ?” मी म्हटलं, हात नोको लावू. तो फोन आता माझ्याकडं असतो आणि रोज सकाळी मी तो न विसरता चार्जिंगला लावते. व्हिडिओ त्या रविवारचा आहे. दादानं बसल्या जागेवरून लोकांचे चेहरे टिपलेत. पडद्याचा उजेड त्यांच्यावर हलतो आहे. कांताबाई, ती पोरगी, ओळखीचे, अनोळखी, सगळे तोंड उघडं टाकून बसलेले. फोन फिरत फिरत कोपऱ्यात येतो आणि थांबतो. तिथं मी आहे. सिनेमातल्या दारापलीकडं फक्त संजयची बाही आहे, हे मला पाठ होतं. तरी मी पदर दातात धरलाय आणि शेजारणीचा हात घट्ट आवळलाय. आणि अगदी जवळून, हसू दाबत, दादा स्वतःशीच कुजबुजतो, “पाह्य... सुमीले बी भेव वाटून राह्यलं.”