बूड आत तर माणूस आत

आमच्या पडवीत झाडू मारला की टेबलाखालून एखादा तरी फासा निघतो. फासा निघाला की त्याच्याबरोबर एक किस्सा निघतो. फासा मी खिशात टाकतो, किस्सा भेटेल त्याला सांगून टाकतो. खिसे भरले, किस्से संपत नाहीत.

खेळ दादाचा. तो जहाजावर नोकरीला होता, कुठल्यातरी बंदरात शिकून आला. बोटाएवढे शिपाई, टेबलावर थर्माकोलचे डोंगर, टेपने मोजून चाल आणि फासे टाकून गोळीबार. दर रविवारी चौलला आमच्या घरी युद्ध! दादा, वहिनी, मी, बर्फाचा टेम्पो चालवणारा नाझिम आणि शेजारचे पाटीलकाका.

होळीनंतर दादा गेला. छातीत दुखतंय म्हणाला. अलिबागपर्यंत पोचलोच नाही.

पडवीला कडी लागली. मला ती कडी काढायची होती आणि वहिनीला परत टेबलाजवळ आणायचं होतं. मला दुसरं काही नको होतं.

* * *

खेळ सुरू झाला तेव्हा दादाच्या खोक्यात एकाच बाजूची फौज होती. दुसरी कुठून आणायची? मी माळ्यावरून दिवाळीच्या किल्ल्याची टोपली काढली. मातीचे मावळे भरती झाले. डोक्यावर हंडे घेतलेली गवळण मैदानात शोभेला उभी केली.

पहिल्याच रविवारी नाझिमने आपला कप्तान गवळणीच्या मागे लपवला!

"बाईमागं लपतोस? लाज हाय का?" पाटीलकाका पेटले.

"काका, रूल आहे. दिसत नाय तर गोळी नाय."

दादाने काकांच्या शिपायामागे गाल टेबलाला टेकवला आणि एक डोळा मिटला. "हंड्याच्या बाजूने टोपी दिसतेय. मारा गोळी. पण हंडा फुटला तर गवळणीला उत्तर तुम्ही द्यायचं!"

काकांनी गोळी मारली नाही.

* * *

शिपायाच्या डोळ्याने बघायचं, हा दादाचा नियम. आपण वरून बघतो, आपल्याला सगळंच दिसतं. शिपायाला तेवढं दिसत नाही.

काकांना तर तसंही काही दिसायचं नाही. मोतीबिंदू! गाल टेकवून म्हणायचे, "समोर कोण न्हाय रे."

"काका, समोर माझी अख्खी पलटण आहे!" नाझिम म्हणायचा.

शेवटी दादाच त्यांना ऑपरेशनला घेऊन गेला. पट्टी निघाली आणि काका सरळ रविवारच्या खेळाला आले. टेबलाला गाल लावला, बराच वेळ बघत राहिले.

"दिसतंय का काका?"

"व्हय. झाडामागं तुझे दोन शिपाई दिसतात. आणि टेप धरताना तू अंगठा पुढं सरकवतोस, त्यो पन दिसतो!"

* * *

दुसरा नियम असा, की मला तू दिसलास तर तुला मी दिसलो. दोघांमध्ये आड असेल तर दोघांनाही आड.

नाझिमने हा नियम रस्त्यावर वापरला! वळणावर वडाच्या मागे ट्रॅफिकवाला उभा होता. शिट्टी वाजली, टेम्पो थांबला. नाझिमने सीट बेल्ट लावला नव्हता.

"साहेब, तुम्ही झाडामागे होता. मला तुम्ही दिसला नाहीत, मग तुम्हाला मी कसा दिसलो?"

हवालदार म्हणाला, "मला नसशील दिसला. पण शिट्टीला झाड आडवं येत न्हाय!"

नाझिम पावती घेऊन थेट दादाकडे आला. त्याला न्याय पाहिजे होता!

दादाने ऐकून घेतलं. "हवालदार बरोबर आहे. गोळी सरळ जाते, तिला दिसायला लागतं. शिट्टी म्हणजे तोफेचा गोळा. पडला की आजूबाजूचे सगळे आले, झाडामागचेही. एरिया इफेक्ट!"

त्या दिवसापासून आईची जेवायची हाक म्हणजे एरिया इफेक्ट.

* * *

आता ह्या गोळ्याचा घोळ. गोळा किती जागा खातो ते दाखवायला खोक्यात प्लास्टिकची गोल चकती होती. ती उंदराने खाल्ली. दादाने आमटीची वाटी पालथी घातली. आत कोण मेलं, कोण जगलं, काही दिसेना!

वहिनी हसली. हातातली एक हिरवी बांगडी काढून तिने टेबलावर ठेवली. "ही घ्या. आरपार दिसतं."

तेव्हापासून बांगडी फाशांबरोबर खोक्यात राहायला लागली. आणि तेव्हापासून भांडणंही! नाझिमचा कप्तान अर्धा बांगडीत, अर्धा बाहेर.

"अर्धा जिवंत धरा ना भाभी!"

"कुठला अर्धा?" वहिनी म्हणाली. "हातपाय कुठेही असूदेत. बूड आत तर माणूस आत. गेला तुमचा कप्तान!"

दादाने तोच नियम कायम केला. शिपायाच्या पायाखालची चकती म्हणजे बूड. तिचा काठ जरी आत आला तरी माणूस आत. आई तर ताटं वाढतानाही उंबरठ्याकडे बघून म्हणायला लागली, "ज्याचं बूड आत, त्यालाच मासा!"

पुढच्याच रविवारी फासा वाईट पडून वहिनीचा गोळा भरकटला आणि दादावरच पडला. दोघं एकाच बाजूने खेळत होते!

"अगं, नवरा आहे मी तुझा!"

"गोळ्याला कोण सांगणार?"

* * *

दादाच्या दिवसांत तळा गावाहून आत्याबाई आल्या होत्या. त्यांनी वहिनीचे हात रिकामे केले. तेव्हापासून वहिनी कुणाशी बोलेना.

एका रविवारी मला राहवलं नाही. कडी काढली, नाझिमला आणि काकांना ओढून आणलं. दादाचं स्टूल तसंच ठेवलं.

पहिल्या गोळीलाच भांडण! शिपाई दिसतो की नाही? दोघंही स्टुलाकडे बघायला लागले. रूलबुक इंग्रजीत. मी सातवीत शाळा सोडली. मला त्यातली चित्रं तेवढी कळतात.

मी गाल टेबलाला टेकवला. डोळे भरले होते, दादाचा डोंगर हलत होता. डोळे पुसून परत बघितलं. डोंगर आणि गवळण यांच्यामधल्या फटीतून पलीकडे स्वयंपाकघराचं दार दिसलं. दारात वहिनी उभी होती.

मला ती दिसली. म्हणजे तिला मी दिसलो.

"भावजी," ती म्हणाली, "दिसतोय का शिपाई?"

"दिसतोय."

"मग मारा की!"

* * *

त्याच डावात काकांचा गोळा पडला. काकांनी खोकं उघडलं, बांगडी बघितली आणि खोकं हळूच बंद केलं. "बारक्या, वाटी आण रे."

"वाटीखाली काय दिसणार, काका?"

वहिनी पुढे आली. तिने खोक्यातून बांगडी काढली, नाझिमच्या पलटणीवर ठेवली, वाकून बघितलं. "ह्याचं बूड आत. ह्याचंही आत. दोन गेले."

"भाभी, हा दुसरा जरा बघा ना..."

"गेला!"

नाझिमने मेलेले शिपाई उचलले. एवढा खूष होऊन हरताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं.

वहिनीने बांगडी परत खोक्यात टाकली नाही. हातात घातली आणि दादाच्या स्टुलावर बसली. आता गोळा पडला की ती हातातून काढायची, टेबलावर ठेवायची, मेलेले मोजायची, परत हातात घालायची.

तेवढ्यात आत्याबाई. महिन्याच्या कार्याला आल्या होत्या, बाजारातून परतल्या. उंबरठ्याच्या आत येऊन थबकल्या.

"अगो, हातात काय घातलंस ते?"

आम्ही सगळे टेबलाकडे बघत बसलो. काकांनी तर गालच टेकवला.

वहिनीने फासे खुळखुळवले. मान वर केली नाही.

"तोफेचा गोळा आहे, आत्याबाई. जरा लांब उभ्या राहा. बूड आत आलं तर माणूस आत."

आत्याबाईंनी खाली वाकून आपले पाय बघितले, आणि उंबरठ्याच्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.