शेवटची पांढरी पट्टी

"वायर कसली लावलीत ते सांगा आधी. कॉम्प्युटरचं नंतर बघू."

पलीकडनं कुणी काका बोलत होते. ते काय म्हणाले ते फोनातच राहिलं.

"मोबाईल चार्जिंगची? मग तिच्यातनं फार तर वीज जाईल, सूर जायचे नाहीत. आणि खोचलीत कुठं? चपट्या भोकात? ते पेनड्राइव्हचं. शेजारी एक चौकोनी भोक असेल बघा. प्रिंटर आहे ना घरात? त्याच्या बुडातली वायर उपसा आणि इथं घाला. बसते हो. सासर बदललं म्हणून काय झालं, वायर नांदते."

काका हसले असणार. ती हसली नाही. हा विनोद तिच्या तोंडात कायमचा बसवलेला होता, बटन दाबलं की वाजायचा.

वाद्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तिचं टेबल. डोक्यावर ट्यूबलाइट, समोर जुना कॉम्प्युटर, भिंतीला खिळ्यांवर वेटोळं करून टांगलेल्या वायरी. वाजवायचा कीबोर्ड कॉम्प्युटरला जोडला, कॉम्प्युटर त्याला ओळख दाखवेना, अशी बोंब ज्याची असेल तो फिरून फिरून हिच्याकडे यायचा. गिऱ्हाइकं तिला वायरताई म्हणत. मालकही तेच म्हणायचे. तिचं खरं नाव पगाराच्या पाकिटावर असेल तेवढंच.

तिची कामाची रीत ठरलेली. सगळ्यांनी आधी फोन करायचा. निम्म्याहून जास्त दुखणी वायरीची, ती फोनवरच बरी व्हायची. उरलेल्यांतल्या काहींना ती सांगायची, आधी कॉम्प्युटर चालू करा, मग कीबोर्ड, मधे वायरी जोडायचा डबा लावला असेल तर काढा आणि वायर थेट लावा. एवढ्यानंही जमलं नाही तरच कीबोर्ड उचलून आणा. म्हणजे टेबलावर जे यायचं ते वायरीच्या पलीकडचं दुखणं. त्यामुळं टेबलावर कीबोर्ड आला की ती एकच गोष्ट पहिल्यांदा करायची. डाव्या हातानं लांब वाकून शेवटची पांढरी पट्टी दाबून धरायची आणि उजव्या हातानं बटन चालू करायचं. पट्टी धरून चालू केलं की कीबोर्ड कारखान्यातनं आला तसा कोरा होतो. कुणीतरी आत घातलेला घोळ, उलटीसुलटी सेटिंग, सगळं धुऊन निघतं. मग जोडायचं. दहातले आठ तिथंच सुरळीत व्हायचे. बोलता बोलता, चहा पिता पिता तिचे हात हे उरकून मोकळे होत.

तिचा नवरा एका गाण्याच्या पार्टीत कीबोर्ड वाजवायचा. पार्टी त्याच्या धाकट्या भावाची. धाकटा गायचा, थोरला वाजवायचा, बाकीची माणसं येतजात असायची. हॉल कुणाचाही असो, पार्टीची मदार त्या कीबोर्डवर. थोरल्यानं त्यात वर्षानुवर्षं खपून एकेका गाण्याची मांडणी करून ठेवलेली. कुठल्या ओळीला व्हायोलिन यायचं, कुठं ड्रम थांबायचे, धाकट्याचा आवाज चिरकतो त्या जागी मागनं काय भरायचं, सगळं एकेका बटनाखाली. एकदा दुसऱ्या पार्टीच्या वाजवणाऱ्यानं पेनड्राइव्हवरनं त्याचं काम लांबवलं होतं. तेव्हापासून त्यानं नक्कल ठेवणंच सोडलं. बायको म्हणायची, अहो एक कॉपी राहू दे घरात. तो म्हणायचा, घरात तू आहेस तेवढी पुरे.

गेल्या उन्हाळ्यात तो जेवून उठला, हात धुवायला बेसिनपाशी गेला आणि तिथंच खाली बसला. नळ चालूच होता. नळ बंद करायला ती उठली तेव्हा कळलं.

ती रडली नाही. नातेवाईक दोन दिवस वाट बघत बसले, रडेल मग निघू म्हणून. शेवटी तसेच गेले. ती कामावर आली, टेबल पुसलं, फोन उचलला. मालकांनी विचारलं, जमेल ना. ती म्हणाली, न जमायला काय झालं. आणि जमत होतंच. घाण्याला जुंपलेलं जनावर डोळे बांधूनही गोल फिरतंच की.

थोड्या दिवसांनी धाकटा दीर दुकानात आला. खांद्यावर तो कीबोर्ड, काळ्या पिशवीत. दारात आधी चपला काढल्या, मग दुकान आहे हे लक्षात येऊन पुन्हा घातल्या. पार्टीला नवा वाजवणारा मिळाला होता, त्याच्याकडं स्वतःचा नवा कीबोर्ड. येत्या शनिवारी मोठा कार्यक्रम. दादाची सगळी मांडणी ह्यातनं कॉम्प्युटरवर आणि कॉम्प्युटरवरनं नव्यात न्यायची, म्हणजे पार्टी उभी राहील. नाहीतर मोडलीच म्हणायची, बाकीची माणसं आत्ताच दुसरीकडं बघायला लागलीत. घरी त्यानं जोडून बघितलं, कॉम्प्युटर ढिम्म. हे सगळं त्यानं उभ्याउभ्या, तिच्याकडं न बघता सांगितलं. त्यानं फोन केला नव्हता. घरचा माणूस फोन करून कशाला येईल.

तिनं ऐकलं. सगळं ऐकलं, मागनं सासूबाईंची तब्येतही विचारली. पिशवीची चेन ओढली. कीबोर्डच्या एका कडेला नवऱ्याच्या मनगटानं घासून घासून रंग उडालेला. तिनं फडक्यानं धूळ पुसली, टेबलावर सरळ ठेवला, प्लग लावला. आणि आईंच्या गुडघ्याचं काय म्हणत होतात असं विचारता विचारता डावा हात लांबवला, शेवटची पांढरी पट्टी दाबली, उजव्या हातानं बटन चालू केलं.

छोट्या पडद्यावर दोन शब्द आले आणि गेले. ती ते शब्द रोज बघायची.

धाकट्याला काही कळलं नाही. तो गुडघ्याचं सांगत होता. तिचे हात थांबले नव्हते, त्यांनी खिळ्यावरची वायर काढून चौकोनी भोकात घातलीसुद्धा. कॉम्प्युटरनं लगेच टिंग केलं. कीबोर्डचं नाव पडद्यावर आलं.

"आला," दीर म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तरतरी दिसली. "मी काल किती डोकं फोडलं. काय होतं?"

ती त्यानं आणलेली वायर बोटांनी चाचपत होती. थोरला ती घट्ट गुंडाळून ठेवायचा, एका जागी आतनं तुटली होती. दुखणं तेवढंच होतं.

"वायर," ती म्हणाली.

"आत बघा ना, दिसतंय का सगळं."

तिनं उघडलं. एक रकाना, दुसरा रकाना, तिसरा. सगळीकडं कारखान्याची नावं.

"काही नाही, भाऊजी."

"काही नाही म्हणजे?"

"मी पुसलं. आत्ता, चालू करताना." तिनं ती पट्टी बोटानं दाखवली. "आलेला कीबोर्ड असाच चालू करते मी. हात गेला."

त्यानं ती पट्टी स्वतः दाबून बघितली. परत आणता येईल का, असं दोनतीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं. नाही येत, असं तिनं तितक्याच वेळा सांगितलं, गिऱ्हाइकाला सांगते त्याच आवाजात. मग तो स्टुलावर बसला. बाहेर मालक कुणाला तरी गिटार वाजवून दाखवत होते, एकच सुरावट पुन्हा पुन्हा.

"वहिनी, खरं सांगा. मुद्दाम केलंत का? त्याच्या जागी दुसरं कुणी बसू नये म्हणून?"

तिनं विचार केला. खरंच केला. कुठं काही हाताला लागतं का ते चाचपून बघितलं. आत काही सापडलं नाही, ‘हो’ नाही आणि ‘नाही’पण नाही.

"माहीत नाही," ती म्हणाली.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं नुसती पिशवी उचलली. कीबोर्ड तिथंच सोडून रिकामी पिशवी खांद्याला लावून निघाला.

संध्याकाळी दिराच्या घरी जाऊन सासूबाईंना तिनंच सांगितलं. म्हातारी कांदा चिरत होती. चिरून झाल्यावर सुरी धुतली, पुसली, जागेवर ठेवली आणि म्हणाली, "त्यानं जिवंतपणी कुणाला दिलं नाही, आता कुणाला मिळायचं नाही. त्याच्या मनासारखंच झालं की. तू जेवून घे." त्यावर घरात पुन्हा बोलणं झालं नाही.

शनिवारचा कार्यक्रम झाला. नव्या वाजवणाऱ्यानं कारखान्याच्या साध्या तालांवर वाजवलं. लोकांना काही फरक कळला नाही, लोक जेवत होते. कळला तो एकट्या धाकट्याला. आवाज चिरकला त्या जागी मागनं काहीच आलं नाही आणि तो तसाच उघडा पडला. बाकीच्या दोघांनी पुढच्या तारखेला येत नाही म्हणून कळवलं. पार्टी मोडली असं कुणी म्हटलं नाही. पुढची तारीख कुणी घेतली नाही, एवढंच.

टेबलावर आलेल्याला ती हल्ली आधी विचारते, आत काही ठेवलंय का तुम्ही. बहुतेकांना आत काही ठेवता येतं हेच माहीत नसतं. मग ती पट्टी दाबते.

दीर नंतर एकदाच आला. यावेळी नव्या वाजवणाऱ्याला घेऊन. कीबोर्ड मागायला नव्हे. एवढी वर्षं दादा घरीच बसून हे सगळं रचायचा, तुम्ही शेजारच्या खोलीत असायचात, आठवेल तेवढं सांगा, हा पुन्हा उभं करेल, असं त्याचं म्हणणं. कुठं काय वाजायचं, नुसतं तोंडानं सांगितलं तरी चालेल. नवा हातात पेन घेऊन उभा होता.

ती स्टुलावरनं उठली नाही.

"रोज ऐकलं असेल ना वहिनी?"

"ऐकलं. लक्ष नव्हतं." ती म्हणाली, "मिक्सर चालू असायचा, नळ असायचा. हे कुठलंतरी गाणं अर्ध्यात थांबवायचे आणि परत पहिल्यापासून लावायचे. तेवढं आठवतं. थांबायचे कुठं ते नाही आठवत."

नव्यानं पेन खिशात घातलं. दीर येतो म्हणाला. ती या म्हणाली. दोघं बाहेर गेले आणि दुकानाच्या दाराची काच हलून थांबली.

टेबलावर एका शाळेचा कीबोर्ड उलटा पडला होता. मधल्या पट्ट्या दाबल्या की वर येत नव्हत्या. तिनं बुडाचे स्क्रू काढले, ते बशीत ठेवले, झाकण उचललं. आत पट्ट्यांखाली खडूचा चुरा आणि एक तुटकी टाचणी. तिनं चिमट्यानं टाचणी काढली, ब्रश घेतला आणि चुरा झाडायला लागली.