सावेसरांचं शून्य

‘याचा उपयोग काय?’ असं कुणी विचारलं की सावेसर उत्तर देत नसत. ते विचारणाऱ्याच्या चपलांकडे बघत. हा माणूस उठून निघतो कधी, याची वाट पाहत असल्यासारखे. पालघरच्या आमच्या कॉलेजात हा प्रश्न त्यांना प्राचार्यांपासून कॅन्टीनवाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारला होता.

सर सैद्धांतिक कणभौतिकीचे. दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत आयुष्य घालवून ते निवृत्तीनंतर वाणगावला, धाकट्या भावाच्या घरी परतले आणि आम्हाला विनावेतन शिकवू लागले. अणूचं काही करतो म्हटलं की आमच्याकडे माणूस तारापूरच्या वीजकेंद्रातला ठरतो. सरांनी अणुभट्टी कधी पाहिली नव्हती. ज्या कणाचं आयुर्मान त्यांनी कागदावर काढलं, तो कणही अजून कुणाला दिसलेला नाही. भाऊ, म्हणजे विनायकभाऊ, शेतात मिरची लावायचे. एकदा माझ्यासमोरच त्यांनी विषय काढला.

“दादा, लोक इचारतात, तू तारापूरला काय बनवायचास? काय सांगू?”

“सांग, वस्तूच्या आत काय असतं ते बघायचो.”

“मिरचीच्या आत बी हाय. दुसरं काय नाय.”

सर माझ्याकडे वळून म्हणाले, “इतकी स्वच्छ हरकत कुठल्याच परिषदेत कुणी घेतली नाही.”

माझं आडनाव आहेर. वडील खानदेशातून बोईसरच्या कारखान्यात आलेले. मला सरांच्या हाताखाली पीएच.डी. करायची होती, आणि त्यासाठी सरांना मार्गदर्शक म्हणून विद्यापीठाची मान्यता मिळणं भाग होतं. तोपर्यंत आम्ही एक शोधनिबंध पुरा केला. मी आकडेमोड करायची. अडलं की सर वहीवर दोन ओळी लिहीत आणि वही परत सरकवीत. त्या दोन ओळी समजायला मला आठवडा लागे. निबंध छापून आला तेव्हा माझं नाव पहिलं आणि सरांचं दुसरं होतं. आमच्या विषयात नावं इंग्रजी वर्णक्रमानं लावतात, एवढंच त्याचं कारण. कोण किती राबलं, हे तिथे कुणी लिहीत नाही आणि विचारतही नाही.

मान्यतेच्या अर्जात मात्र रकाना होता: प्रथम लेखक म्हणून किती निबंध? आयुष्यभर सरांचे सहकारी बोस, दास, मेनन असेच, वर्णक्रमात सावेंच्या आधी येणारे होते. सरांनी पेनानं ठसठशीत शून्य काढलं. “सर, खाली एक ओळ लिहा ना, आपली पद्धत अशी आहे म्हणून,” मी म्हटलं. “ज्यांना हे माहीत नाही ते मला तपासणार असतील, तर त्यांनी शून्यच तपासावं,” ते म्हणाले.

मान्यता देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीचे अध्यक्ष रसायनशास्त्राचे. कारखान्यांच्या वसाहतीतल्या एकाच नाल्याचं पाणी त्यांनी महिन्यामहिन्याला बाटल्यांत भरवलं होतं आणि दर बाटलीमागे एक निबंध काढला होता. सगळ्यांवर पहिलं नाव त्यांचं. सरांच्या मुलाखतीच्या दिवशी त्यांनी मलाही बोलावून घेतलं होतं.

“सावेसर, तुमचं नाव कायम शेवटीच?”

“शाळेच्या हजेरीपासून.”

“म्हणजे तुम्ही मदतनीस?”

“नाही. सावे.”

अध्यक्षांनी आमचा निबंध उचलला. “इथे तर या बाई पहिल्या! मग मार्गदर्शक कोण कोणाचा?” समिती पोट धरून हसली. सर खाली बघत होते. टेबलाखालच्या सगळ्या चपला त्यांना दिसत असाव्यात.

बाहेर आल्यावर मी चिडून म्हटलं, “एक वाक्य सांगायचं होतं, सर.”

“तू का नाही सांगितलंस?”

मी म्हटलं, घाबरले. ते खोटं होतं. आत त्या माणसांनी मला पहिली म्हटलं, तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं होतं. बाटल्या मोजणाऱ्या त्या समितीची मला किळस येते, पण त्या क्षणापुरती मी त्यांच्यातलीच होते. आणि सरांचाही राग येतो. त्यांना तुच्छता परवडत होती, ते निवृत्त होते. माझं सगळं अजून व्हायचं होतं.

मान्यता नाकारली गेली. मी बोईसरच्या एका शाळेत ग्रंथपाल झाले. सर म्हणत, “वही घेऊन येत जा, पदवी नाही तर नाही.” मी काही महिने गेले, मग कारणं सांगू लागले. गेल्या हिवाळ्यात सर गेले.

कॉलेजनं शोकसभा घेतली. मुख्य वक्ते तेच अध्यक्ष. सरांच्या संशोधनाचा प्रभाव सांगताना त्यांनी हात थेट तारापूरच्या दिशेला केला. “आज तुमच्या घरात दिवा लागतो, त्यात सावेसरांचा वाटा आहे!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत.

शेजारी बसलेल्या विनायकभाऊंनी मला कोपरानं ढोसलं. “काय बोलतो हा? दादा तिकडे कदी गेलाच नाय. तू सांग ना, तू शिकलेली हायस.”

“जाऊ दे, भाऊ.”

ते स्वतःच उठले. “सायेब, आमचा दादा तारापूरला नव्हता.” अध्यक्षांनी हात जोडले. “आपल्या भावना समजतात,” म्हणाले, आणि पुढे बोलत राहिले. भाऊ बसले. नंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

पंधरवड्यापूर्वी मला परदेशातल्या एका विद्यार्थिनीचा ईमेल आला. आमच्या निबंधावरून ती पुढचं काम करते आहे. मायना आम्हा दोघांच्या नावानं होता. एका ठिकाणी वजाचं चिन्ह कसं येतं, ते तिला कळत नव्हतं. ते ठिकाण म्हणजे सरांच्या दोन ओळी होत्या, मलाही पुरत्या न उलगडलेल्या.

मी उत्तर हळूहळू लिहिलं. सर आता नाहीत. ही पायरी त्यांची आहे, माझी नाही. निबंधावर माझं नाव केवळ वर्णक्रमानं आधी आहे. तुम्हाला हे ठाऊक असणारच, तरी लिहिते.

दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं. सर गेल्याचं तिला वाईट वाटलं होतं. नावांच्या क्रमाबद्दल एक शब्दही नव्हता. त्या चिन्हाबद्दल सरांना खात्री होती का, एवढंच तिनं विचारलं होतं.

होती. का होती, ते मी त्यांना तेव्हा विचारलं नाही. आता रोज शाळा सुटल्यावर ग्रंथालयात बसून तेवढंच शोधते आहे.