राहिलेला बाण

मी शाळेत असताना अस्पृश्यतेचा धडा आला की अख्खा वर्ग माझ्याकडे वळून बघायचा. आता बी.एड.च्या सराव पाठात मला नववीला आफ्रिकेतून जगभर गेलेल्या आणि नेलेल्या लोकांचा इतिहास शिकवायचा होता, आणि दुसऱ्या बाकावर एक सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकेतल्या समाजाची मुलगी होती. तिच्याकडेही सगळे तसेच बघतील या भीतीने मी फळ्यावरच्या नकाशात फक्त अमेरिकेकडे जाणारे बाण काढले.

तिनेच हात वर केला. "सर, आमचा बाण राहिला."

मी घाबरतच खडू दिला. तिने आफ्रिकेपासून आपल्या किनाऱ्यापर्यंत ठसठशीत रेघ ओढली.

"अगं, आपलं मुरूड वर हाय, तू गोव्यात उतरलीस!" मागून तिची मैत्रीण ओरडली.

"मग चालत येईन," ती म्हणाली. वर्ग हसला, तीही हसली आणि माझा जीव भांड्यात पडला.