राजाच्या फौजेतली वर्षं

माझं अक्षर वाईट, शुद्धलेखनही चुकतं. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. आमचे हे संस्थानच्या फौजेत होते. विलीनीकरणानंतर ती फौज सरकारची झाली. हे निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी पेन्शन कचेरीतल्या कारकुनानं कागदावर यांची नोकरी विलीनीकरणापासूनच धरली, आणि आधी जास्त दिली म्हणत पेन्शन कापायला लागला.

शनवार पेठेतल्या घरातून आम्ही दोघं पायी कचेरीत गेलो. कारकून हसला, "बाई, ती राजाची चाकरी. सरकारचा काय संबंध?"

हे कागद आवरून उठायला लागले. मी परक्या पुरुषाशी कधी बोलले नव्हते, पण अंगाची आग झाली.

"राजाचा खजिना सरकारनं घेतला ना, भाऊ? मग त्याचे शिपाई का नाही?"

ते ऐकून साहेब बाहेर आले. जुने कागद बघून त्यांनी तारीख दुरुस्त करायला सांगितली. तरी त्या मेल्यानं आणखी कितीतरी हेलपाटे घालायला लावले. शेवटी कापलेले सगळे पैसे परत मिळाले.