इथंच तर आहे

मंडळी, पाय अजून ठणकताहेत. मी देवळाली कॅम्पात एका गोऱ्या साहेबाला मराठी शिकवतो. आज त्यानं विचारलं, ‘अ स्टोन्स थ्रो’ला तुमच्यात काय म्हणतात? दगड फेकला तर पोचेल, इतकं जवळ. मी ऐटीत सांगितलं, ‘हाकेच्या अंतरावर’, ‘दोन पावलांवर’.

परतताना टांगा मिळेना, नाशकाला चालतच निघालो. वाटेत ज्याला विचारावं तो म्हणे, “ह्ये काय, इथंच तर हाय!” दिवस कलला तरी नाशिक येईना. सगळे खोटारडे, म्हणून चिडलो.

नाशकात शिरताना समोरून एक बाई आली. डोक्यावर बोचकं, कडेवर झोपलेलं पोर.

“दादा, देवळाली लय लांब हाय का?”

“छे हो, इथंच तर आहे.”

खरं सांगायला जीभ रेटेना. तुमची रेटली असती?