बोटीच्या चाकाखालची लिंबं

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला नीट सांगता येईल. मी बदलापुरात शिडाची बोट विकत घेतली. हो, बदलापुरात. इथे समुद्र नाही हे मला ठाऊक होतं, भूगोलात मी पास झालेला माणूस आहे.

पण ही बोट ट्रेलरवरची होती. गाडीच्या मागे जोडायची, हव्या त्या पाण्यावर न्यायची, डोलकाठी उभी करून शीड चढवायचं, की निघालो. आज अलिबाग, उद्या मुरुड, परवा थेट मालवण. एवढं सोपं असताना लोक बोटी का घेत नाहीत, याचं मला नवल वाटायचं.

उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये, एका फर्निचरवाल्या शेठकडे ती पडून होती. "साईं, एकदम कोरी है," तो म्हणाला. "आज तक पानी को टच भी नहीं किया." बोटीच्या बाबतीत हा गुण की अवगुण, असा प्रश्न कुणाही शहाण्याला पडला असता. मी लगेच हो म्हणालो.

टेम्पोवाल्याने ती आमच्या सोसायटीत आणून सोडली. मग कळलं की ट्रेलर ओढायला गाडीला मागे हूक लागतो. मेकॅनिकचं मत असं पडलं की, माझ्या गाडीला हूक लावला तर गाडी पुढे जाईल आणि बंपर बोटीपाशीच राहील. झालं, बोट माझ्या पार्किंगमध्ये ताडपत्री पांघरून बसली. कित्येक महिन्यांत तिचा उपयोग एकच झाला. एक मांजर तिच्यात बाळंत झाली.

शेवटी आमचे सेक्रेटरी शिंदेकाका चिडले. जे चालत नाही ते वाहन नव्हे, भंगार, असं त्यांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं. नारळी पौर्णिमेपर्यंत चालवून दाखवा, नाहीतर भंगारवाला बोलावतो. मला खरंच रडू यायचं बाकी होतं. हसू नका, माझा जीव होता हो तिच्यावर.

मग मी मोठा बेत केला. नारळी पौर्णिमेला सकाळी सगळ्यांसमोर बोटीची पूजा करायची, शीड उभारायचं आणि दुपारी मित्राच्या जीपने ओढून तिला कल्याणच्या खाडीत उतरवायचं.

पूजेला सोनिवलीहून सासूबाई आल्या. त्यांचं माहेर मिठागरवाल्यांचं. त्यामुळे खारं पाणी, गोडं पाणी आणि जावई या तिन्ही विषयांत शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी शिडाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ट्रेलर सरकू नये म्हणून मी चाकांना विटा लावल्या होत्या, त्याच नेमक्या त्यांच्या नजरेत भरल्या.

"या इटा कारा," त्या म्हणाल्या. "नवी गारी हाय. चाकाखाली लिंबू पायजे."

"आई, ही बोट आहे."

"चाकं हायेत ना? मंग गारी."

मी विटा काढल्या आणि दोन्ही चाकांपुढे एकेक लिंबू ठेवलं. सासूबाई स्टुलावरून बोटीत चढल्या आणि डोलकाठीला ओवाळायला लागल्या. मी शीड चढवलं. फोटोत ढिलं दिसायला नको म्हणून त्याची दोरी खेचून गच्च बांधून टाकली. बोट चालवायला शिकवणाऱ्या व्हिडिओत एक गोरा माणूस सुरुवातीलाच बजावतो की, ही दोरी कधी बांधून ठेवायची नाही, वारा भरला की ती पटकन सोडता आली पाहिजे. पण मी तेवढा भाग पळवला होता. कंटाळवाणा वाटला.

आणि वारा आला. शीड टम्म फुगलं. काय फोटो येणार, म्हणून मी मोबाईल काढला. तेवढ्यात खाली लिंबं फुटली. मला तर शकुनच वाटला.

पाणी साचू नये म्हणून आमच्या कंपाउंडला गेटकडे उतार दिलाय. बोट त्या उताराला लागली. डोलकाठी ताठ, शीड भरलेलं, आत सासूबाई, आणि एका हातात नारळ, एका हातात मोबाईल घेऊन मागे धावणारा मी. दोरी सोडा म्हणून मी ओरडत होतो. त्यांच्या एका हातात आरतीचं ताट होतं आणि दुसऱ्या हाताने त्यांनी सुकाणूचा दांडा धरला होता. ते सुकाणू हवेत लटकत होतं. त्याने माशीसुद्धा वळली नसती.

तरी बोट शिंदेकाकांच्या नव्या स्कूटरला चाटून गेली, त्यांची खुर्ची आडवी केली आणि गेटजवळच्या रेतीच्या ढिगात जाऊन थांबली. ताटातला दिवा तेवढा विझला होता.

मी धापा टाकत पोहोचलो, तर सासूबाई आत शांत बसलेल्या. "मी वलवली म्हनून ती स्कूटर वाचली," त्या जमलेल्या लोकांना सांगत होत्या.

शिंदेकाकांनी स्कूटरभोवती एक फेरी मारली. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"चालते," ते म्हणाले. "सगळ्यांनी बघितलं. पार्किंग मंजूर."

मी त्यांच्या पायाच पडणार होतो.

"फक्त चालवणाऱ्याच्या नावावर द्यावं लागेल. आजींचं पूर्ण नाव काय?"

दुपारी मित्र जीप घेऊन आला. बोट न्यायची तर आता सासूबाईंना विचारणं भाग होतं. मी विचारलं. त्यांनी बराच विचार केला आणि खाडीवर मलाही बरोबर न्यायचं कबूल केलं. अट एकच, दोरीला हात लावायचा नाही.